पुतळाबाईच्या वालाचं मडकं

पुतळाबाई उंदरांचा जेवढा राग करायची, तेवढा मी कुणाला सवतीचाही करताना पाहिला नाही. बदलापूर गावातून नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर तिची तीन-चार गुंठे जमीन होती. बाकीची मुलांनी बिल्डरला दिली, पण एवढा तुकडा म्हातारीने सोडला नाही. त्यात तिने वाफे पाडले आणि समोरच्या बिल्डिंगीतल्या आम्हा चार-पाच बायकांना एकेक वाफा लावायला दिला. भाडं नाही. आठवड्यातून एकदा तिच्या वाफ्यातलं गवत काढायचं आणि तिची बोलणी ऐकून घ्यायची. गवत काढणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

मी गयाबाई. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका खोलीत संसार काढला, कारखान्यात पॅन्टींचे धागे कापले, आणि दोन हजार चार साली आम्ही इकडे तिसऱ्या माळ्यावर राहायला आलो. कॅम्पात कुंडीभर माती मिळायची मारामार, त्यामुळे वाफा हातात आला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. मी रताळी लावली. पाणी मी घातलं, खत मी घातलं आणि खाल्ली उंदरांनी.

मग पुतळाबाईने मला शिकवायला घेतलं. साठी कधीच उलटलेली, काटक बाई, कमरेला पदर खोचलेला. पिंजऱ्याला हात लावायच्या आधी ती दोन्ही हात चिखलात घोळवायची, माणसाचा वास जावा म्हणून. आमिष म्हणून भाजलेला सुका बोंबील. पहिले दोन दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवायचं, उंदराला येऊ द्यायचं, खाऊ द्यायचं. "पयला त्याला घरचा करायचा," ती म्हणायची, "मंग पकडायचा." तिसऱ्या दिवशी खटका लागायचा. विषाचं नाव काढलं तर मात्र अंगावर यायची. कुणीतरी घातलेल्या विषाने तिची मांजर गेली होती.

पकडलेला उंदीर ती सरळ बादलीत बुडवायची. तिथे आमचं फाटायचं. मी रोज सकाळी मेणबत्ती लावून पंचशील म्हणणारी बाई, मला ते कसं जमणार? मी माझा उंदीर पिंजऱ्यासकट पिशवीत घालून पुलावरून पलीकडे न्यायची आणि झुडपात सोडून यायची. परत आले की ही बांधावर बसलेलीच.

"पोचवला का गो पावना?" ती विचारायची. "जेवन बांधून दिलास का नाय?"

मीही कमी नाही. म्हटलं, तुमच्या बादलीपेक्षा बरं. ती खदाखदा हसायची आणि मग मला दोन भेंड्या जास्त द्यायची.

आता वालाचं सांगते. त्या जागेत एक खोपटं होतं आणि खोपटात एक मडकं, शेरभर कडव्या वालाचं. हे तिच्या माहेरचं बियाणं. माहेरची शेती आनंदनगरच्या कारखान्यांखाली गेली, घर गेलं, भाऊ कुठे कुठे पांगले. राहिले ते हे वाल. दर वर्षी भात निघालं की ती ते पेरायची आणि नवीन बी राखेत घोळवून मडक्यात भरायची, वरून झाकण शेणाने लिंपून टाकायची. हे बी तिने कधी कुणाला दिलं नाही. पोटची मुलगी जिज्ञासा, तिने दोनदा मागितलं, तिलाही नाही. "शेंगा ने टोपलीभर," म्हणायची, "बी नाय."

दोन हजार सहाची गोष्ट. गणपतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी पुतळाबाईच्या घरी ‘उंदीरबी’ म्हणजे उंदरांचा सण पाळतात. वर्षभर उंदरांच्या जिवावर उठलेली ही बाई त्या एका दिवशी पिंजरे उपडे घालते, शेतात कुदळ लावत नाही, आणि बांधावर केळीच्या पानावर उंदरांना जेवण वाढते. भात, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या आणि मडक्यातले मूठभर वाल. हात जोडून सांगते, "हा तुमचा वाटा. बाकीच्याला तोंड लावायचा नाय." मला हसू येत होतं. मी गाल चावून उभी राहिले.

तेवढ्यात घरून निरोप आला, गणपतीला पाहुणे आले म्हणून. ती निघाली. जाता जाता म्हणाली, "गया, मडका झाक गो, आन शेनानं लिंप."

मी झाकण ठेवलं. शेणही समोर होतं. पण दुपारी बाराला माझी मालिका लागायची, आणि म्हटलं संध्याकाळी येऊन लिंपू. एवढंच. तेवढ्या आळसाने घात केला.

चारला गेले तर मडकं आडवं आणि आत नुसती राख. खरं सांगते, पहिला विचार पळून जायचाच आला. तर मागे पुतळाबाई उभी. मला वाटलं आता माझी खैर नाही. पण ती खाली बसली, मडक्यात हात घालून राख चाचपली.

"माजाच कायतरी चुकला," ती म्हणाली. "नैवेद्यात खोट रायली. देवानं उंदराकरवी उचलून नेला."

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसेना. खरं सांगायचा धीरही होईना. मान खाली घातली, तेव्हा मला ते दिसलं. खोपटाच्या दारातून ओल्या चिखलावर राखेचे ठिपके गेले होते. उंदरांच्या अंगाला मडक्यातली राख लागली होती. ठिपके धरून आम्ही दोघी वाकून वाकून चाललो, ते थेट माझ्या रताळ्यांच्या बांधाखाली, बिळाच्या तोंडाशी.

"हितंच कोठार हाय," पुतळाबाई म्हणाली आणि तिने वर बघितलं. आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला की बिळात पाणी जाणार आणि वाल कुजणार, हे मलाही कळत होतं.

"मग खणा ना."

"आज कुदल नाय लावायची. सन हाय त्यांचा."

"सण तुमच्या घरचा. मी बौद्ध आहे, मी खणते."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला आत्ताच भेटले होते. मग म्हणाली, "खन. पन जीव नाय मारायचा. आज नाय."

"मी कधीच मारत नाही, बाई. तुम्हीच हसता ना त्याला?"

मी कुदळ नाही घेतली, खुरपं घेतलं. हळूहळू माती काढत गेले. आणि माती काढता काढता, तिच्याकडे न बघता, सगळं सांगून टाकलं. झाकण, शेण, मालिका, सगळं. म्हटलं, देवाचं काही नाही यात, माझा आळस आहे. माझ्यामुळे तुमचं माहेर गेलं.

पुतळाबाई माझ्याशेजारी येऊन उकिडवी बसली. मग ती म्हणाली, "म्हंजे देव रुसला नाय?"

"नाही."

"मंग बरा झाला," ती म्हणाली आणि मोठा श्वास सोडला. "तुला मी उद्या बगते." आणि तो उद्या पुढे महिनाभर चालला, ते वेगळं.

हातभर आत कोठार लागलं. वाल होते, राखेने माखलेले, काही कुरतडलेले, पण निम्म्याहून जास्त धड. मी ओंजळीने काढून देत होते, ती पदरात घेत होती. शेजारच्या पोकळीत गवताच्या गादीवर पाच पिल्लं, गुलाबी, डोळेसुद्धा न उघडलेली. मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे वाकली, बांधावरच्या पानातल्या दोन पातोळ्या आणि मूठभर वाल तिथे ठेवले, आणि म्हणाली, "माती लोट वरती. भिजतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कुदळ घेऊन हजर. बीळ रिकामं. आईने रातोरात बिऱ्हाड हलवलं होतं.

"तूच सांगितलास त्यांना," ती मला म्हणाली. मी म्हटलं, हो, चिठ्ठी लिहिली.

तेव्हा ती हसली. मग कुदळ बाजूला टेकवली, पदराची गाठ सोडली आणि निम्मे वाल मोजल्या-मापल्याशिवाय माझ्या ओच्यात ओतले. मी म्हटलं, अहो, हे बी आहे, शेंगा नाहीत.

"म्हाईत हाय. सगला एका मडक्यात ठेवला हीच चूक झाली," ती म्हणाली. "एक घर माजा, एक घर तुजा. आन जिज्ञासाला पन आजच बोलवते." ते वाल ओच्यात धरून मी तीन जिने चढले, एक दाणाही सांडू न देता.