थोरल्याच्या नावावरचा धाकटा

मी आजवर लिहिलेल्या ज्या एकाच परिच्छेदाला टाळ्या पडल्या, तो साफ चुकीचा होता. टाळ्या पडल्या त्या घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी, आणि वाजवणारे बहुतेक जण सातवीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले पन्नाशीचे गृहस्थ होते. आमच्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाची ती सभा. मंडळाला पन्नास वर्षं होत होती आणि स्मरणिका काढायचं ठरलं होतं.

गाव माझ्या वडिलांचं, तळकोकणातलं. मी तिथे फक्त मे महिन्यात जायची. पण मी बँकेत नोकरीला होते, अक्षर बरं होतं आणि मराठी घेऊन बी.ए. झाले होते, एवढ्यावर कमिटीने मंडळाच्या जुन्या वह्या माझ्या गळ्यात मारल्या. वह्यांमध्ये ज्यांचा ज्यांचा उल्लेख येतो ती माणसं कोण, त्यांचं पुढे काय झालं, हे शोधून प्रत्येकावर चार-चार ओळी लिहायच्या. मी तेव्हा मुलुंडला राहायची, लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सुनेला रविवारी घराबाहेर पडायला हे आयतं निमित्त मिळालं, असं सासूबाईंचं मत पडलं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

वह्या दोन तऱ्हेच्या होत्या. एक सभांच्या इतिवृत्ताची. त्यात ठराव, ठरावाखाली सभासदांची पूर्ण नावं आणि नावापुढे सही नाहीतर अंगठा. दुसरी मंडळाच्या पहिल्या सेक्रेटरीची खाजगी डायरी. हे गृहस्थ गिरणीत मागावर काम करत आणि गावच्या वीस-पंचवीस माणसांबरोबर गिरणगावातल्या एका खोलीत राहत. त्यांच्या डायरीत नाव म्हणून कोणाला नव्हतंच. सगळी माणसं गावातल्या घराच्या जागेवरून ओळखायची: चिंचेखालचा, व्हाळापलीकडचा, म्हणजे ओढ्यापलीकडचा, देवळामागचा. म्हणजे एका वहीत नुसती नावं आणि दुसरीत नुसती माणसं, आणि त्यांची गाठ मी घालायची.

वडिलांना शेजारी बसवून मी गावातल्या घरांची यादी केली आणि एकेकाला जागेवर बसवत गेले. चिंचेखालचा सापडला, देवळामागचे तर दोन सापडले. आमच्या घरी जेवताना याशिवाय विषय नव्हता आणि माझा नवरा कंटाळून मला सीआयडी म्हणायला लागला होता. शेवटी एकच माणूस उरला. डायरीत त्याला ‘धाकटा’ म्हटलं होतं. ना घराचा पत्ता, ना झाडाचा.

हा धाकटा मंडळाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास डायरीत उगवतो आणि मग जवळजवळ प्रत्येक पानावर असतो. धाकट्याने गावची पत्रं वाचून दाखवली. धाकट्याने सात पत्रं लिहिली. धाकटा तापाने पडला, या आठवड्यात कोणाचंच पत्र गेलं नाही. एके ठिकाणी सेक्रेटरी लिहितात की चिंचेखालच्याच्या पत्रात धाकट्याने त्याच्या बायकोसाठी दोन गोड ओळी स्वतःहून घातल्या. चिंचेखालचा आधी रागावला, मग म्हणाला, राहू दे. मला हा माणूस फार आवडायला लागला होता. आणि इतिवृत्ताच्या वहीत त्याचा मागमूस नव्हता.

त्या वहीत मला दुसरंच काहीतरी सापडलं. मंडळाच्या संस्थापकांपैकी एक सभासद नऊ वर्षं अंगठा उठवत होता. मग काही महिने त्याच्या नावापुढे काहीच नाही. आणि त्यानंतरच्या सभेपासून त्याच नावापुढे सही! बारीक, सरळ, आधी रेघ मारून तिला अक्षरं लटकवलेली. बस्स, मला तेवढं पुरलं. गिरणीच्या पाळ्या करून, तिशी उलटल्यावर, एक माणूस खोलीच्या कोपऱ्यात बसून अक्षरं गिरवायला शिकतो, असा मी परिच्छेद लिहिला. लिहिताना माझे मलाच डोळे पुसावे लागले, इतकी मी माझ्या लिहिण्यावर खूश होते.

तो सभासद म्हणजे आमच्या अध्यक्षांचे वडील. अध्यक्षांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. आरे कॉलनीत दुधाच्या सरकारी नोकरीत होते, भारदस्त आवाजाचा आणि मऊ स्वभावाचा माणूस. मी परिच्छेद वाचला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातलाच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरचे दोन म्हातारे तेवढे गप्प होते. त्यांचा डोळा लागला असेल असं मी धरून चालले.

डोळा लागला नव्हता. सभा संपल्यावर त्यातले एक जिन्यात माझ्याजवळ आले. मला वाटलं शाबासकी द्यायला आले. ते म्हणाले, "नाहूरच्या काकीकडे जाऊन ये. मग काय ता छाप." मी धाकट्याबद्दल विचारलं, तर एवढंच म्हणाले की नाव घरच्यांनी सांगायचं असतं.

नाहूर म्हणजे मुलुंडच्या अलीकडचं स्टेशन, पण मी तिथे कधी उतरले नव्हते. काकी रुळांपासून थोड्या आत, एका बैठ्या चाळीत एकट्या राहायच्या. सत्तरीच्या, बुटक्या, नऊवारी नेसलेल्या. नवरा जाऊन दहाएक वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी गावचं नाव सांगताच त्यांनी मला आत घेतलं, कोणाची कोण ते काढलं, आणि माझ्या आजीला दोन शिव्याही घातल्या. मग मी मोठ्या दिमाखात माझा परिच्छेद वाचून दाखवला.

काकींनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मोठे भावजी शेवटपर्यंत आंगठोच करीत. ही सही आमच्यांची."

मग त्यांनी सांगितलं ते असं. थोरल्या भावाला, म्हणजे दादांच्या वडिलांना, छातीचा खोकला लागला आणि तो गावी परतला तो कायमचाच. गिरणीतली जागा एकदा सुटली तर परत मिळायची नाही, म्हणून त्याच्या जागी, त्याच्याच नावावर, धाकटा, म्हणजे काकींचा नवरा, मुंबईला आला. त्या काळी असं पुष्कळ ठिकाणी चालायचं. एका बांध्याचे दोन भाऊ, फाटकावरच्याला काय कळणार? पण गिरणीला कळू नये म्हणून मग खोलीतही त्याला थोरल्याच्याच नावाने हाक मारायची सवय केली. मंडळाच्या वहीतही त्याच नावापुढे सही. सेक्रेटरींनी फक्त आपल्या डायरीत धाकटा म्हणायची मुभा घेतली. वीस-बावीस वर्षं तो माणूस भावाच्या नावावर राबला, निवृत्त झाला आणि भावाच्याच नावावर मेला. आता तर संपानंतर ती गिरणीही बंद होती, पण जुन्या लोकांची तोंडं उघडली नव्हती.

बोलता बोलता काकी उठल्या आणि देवाच्या फळीवरून रेशनकार्ड काढून माझ्या हातात दिलं. "माका कोणाची बायको करून ठेवल्यानी ती बघ." मी वाचलं. कुटुंबप्रमुख म्हणून थोरल्या दिरांचं नाव, खाली पत्नी म्हणून काकी. ज्यांच्यासमोर आयुष्यात डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, सरकारदरबारी त्या त्यांच्याच बायको होत्या. त्या सांगत होत्या, चाळीत कोणी नवऱ्याला हाक मारली की ती थोरल्या दिरांच्या नावाने यायची, आणि हात आपोआप पदराकडे जायचा. बाहेर भावजी उभे आहेत असंच वाटायचं. मग आत यायचे ते हेच. हे सांगताना काकी हसत होत्या, आणि मला मात्र हसू येईना.

त्यांचं मागणं एकच होतं, पुस्तकात तरी ह्यांना ह्यांच्या स्वतःच्या नावाने घाला. मी लगेच वही काढली आणि नाव विचारलं. काकी चपापल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं आणि आता या वयात काढणार नव्हत्या. मी खूप आर्जवं केली. कानात सांगा म्हटलं, अक्षरं फोडून सांगा म्हटलं. शेवटी चिडून म्हणाले, मी तर माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते. काकींनी माझ्याकडे खूप कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "आणि तो ओ देता?"

म्हणजे ते नाव सांगू शकेल असा घरचा माणूस आता एकच उरला होता, आमचे दादा, आणि तो माणूस माझ्या परिच्छेदावर चष्मा पुसत बसला होता. छापखान्यात मजकूर द्यायला आठवडा होता. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी आरे कॉलनीची बस पकडली. वाटेत दोन्ही बाजूंनी झाडी, मधूनच गोठ्यांचा वास, आणि माझ्या डोक्यात नुसता संताप. सगळं ठाऊक असताना दादांनी मला तोंडघशी पाडलं होतं. वहिनींनी निव्वळ दुधाचा चहा पुढे ठेवला, तो मी रागाच्या भरात गार होऊ दिला, आणि दादांना सरळ विचारलं की तुम्ही गप्प का बसलात.

दादांनी तो कप बाजूला सरकवला. मग त्यांनी सांगितलं की चौथीत असताना ते वडिलांबरोबर तालुक्याला कसल्याशा कागदासाठी गेले होते. कारकुनाने वडिलांचा अंगठा धरून शाईत दाबला, एखाद्या लहान मुलाचा धरावा तसा. घरी आल्यावर दादा पाटी घेऊन बसले, म्हणाले, बाबा, मी शिकवतो. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी. मग खोकला वाढत गेला आणि पुढचं वर्ष आलंच नाही. काकांची पत्रं मुंबईहून यायची, ती दादाच वडिलांना वाचून दाखवायचे. दादांची शाळा, कॉलेज, सगळं काकांनीच उचललं होतं.

"तू वाचलंस ना, तेव्हा बाबा खरंच शिकले असं वाटलं," दादा म्हणाले. "म्हटलं, पुस्तकात तरी शिकू देत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण मी तशी तोंडाळ, रेशनकार्डाबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवेना. ते त्यांना माहीत नव्हतं. दर वर्षी गावाहून तांदूळ घेऊन ते नाहूरला जायचे, तासभर बसायचे. काकींनी कधी कार्ड दाखवलं नव्हतं. दादा उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. विचार करून सांगतो, एवढंच म्हणाले. मी निघाले तेव्हा मला वाटलं, आता काही हा माणूस सांगत नाही.

शनिवारी संध्याकाळी ते स्वतः मुलुंडला आमच्या घरी आले. माझा परिच्छेद त्यांनी आपल्या हाताने नव्याने लिहून आणला होता. माझे वडील अखेरपर्यंत अंगठा करीत, असं पहिलंच वाक्य होतं. वहीतली सही माझ्या धाकट्या काकांची आहे, हे दुसरं, आणि त्यापुढे काकांचं पूर्ण नाव. ते नाव मी इथे देत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. मी त्या मजकुरातली एक मात्राही बदलली नाही. टाळ्यांची हौस माझी फिटली होती.

स्मरणिका छापून आली तेव्हा आम्ही दोघं नाहूरला गेलो. काकींना वाचता येत नव्हतं. दादांनी ते पान उघडलं, चष्मा चढवला आणि सभेतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. काकांचं नाव आलं तशी काकींनी मान खाली घातली. दुसऱ्या वाक्याशीच त्यांनी दादांच्या मनगटावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

"वाचू नको. हाक मार. भायरसून मारतत तशी."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. ते उठले, चपला न घालताच दाराबाहेर गेले आणि चाळीच्या बोळात उभं राहून, नावापुढे काका लावून, मोठ्याने हाक मारली. पुन्हा एकदा मारली.

शेजारची बाई हात पुसत बाहेर आली. तिने दादांना विचारलं, कोण पाहिजे, या नावाचं इथं कोणी नाही.

काकी आतूनच म्हणाल्या, "होते गो. माझ्या घरात होते."