पुसलेल्या डिस्कवर परत आलेली फाईल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. या पानावर लोक पिंपळाबद्दल, विहिरींबद्दल लिहितात आणि मी वाचून पान उलटतो. माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आज आहे का, तेही सांगता येत नाही... माझ्या अनुभवात भूत नाही. एक कॉम्प्युटर आहे, आणि मी आहे.

ऐंशीच्या दशकाची अखेर. नागपुरात सदरला, एका कापडाच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. लोकांची पगारपत्रकं, बिलं कॉम्प्युटरवर करून द्यायचो. मशीन एकच. तिच्या खोलीत चपला काढून जायचं, दर शुक्रवारी मॉनिटरला कुंकू. मालकांना सगळे आबाजी म्हणत. जुने व्यापारी. संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावली की स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढायचे, मगच कुलूप. मशीनवर आम्ही दोघं, मी आणि वनिता. ती उमरेडहून एसटीनं यायची. वडिलांचा हातमाग बंद पडलेला, घर तिच्या पगारावर. मला सतीशभाऊ म्हणायची.

मशीन मला फार मंद वाटे. म्हणून एका मित्राकडून डिस्क कॅशिंगचा प्रोग्राम फ्लॉपीवर आणला. बाहेरची फ्लॉपी लावायला आबाजींची सक्त मनाई, त्यामुळे गुपचूप टाकला. काम खरंच पळायला लागलं. डिस्कवर लिहायचं ते हा प्रोग्राम आधी मेमरीत धरून ठेवायचा आणि सवडीनं डिस्कवर उतरवायचा. ती सवड वाढवता येईल तितकी मी वाढवली होती. फक्त एक झालं — सकाळी मशीन सुरू व्हायला फार वेळ लागू लागला. प्रोग्राम आधी नेहमीच्या फायली मेमरीत भरून घ्यायचा; तोवर काळा पडदा आणि डिस्कचा लाल दिवा. आबाजी म्हणायचे, ही तं माह्याहून म्हातारी झाली गा, उठाचं नावच नाही घेऊन राहिली. मी वायरी हलवायचो, कव्हर उघडून ब्रश मारायचो, कारण शोधत असल्याचं सोंग करायचो. कारण मला माहीत होतं.

दिवाळीच्या तोंडावर कोळसा खाणीतल्या एका ठेकेदाराच्या मजुरांचे पगार काढायचे होते. वनितानं डबाही न उघडता दिवसभर हजेऱ्या भरल्या. शेवटची नोंद मी तिच्या मागे उभा राहून पडद्यावर पाहिली. तिनं फाईल सेव्ह करून बंद केली, पर्स उचलली आणि एसटी गाठायला धावली. आबाजींची उदबत्ती तेव्हाच लावून झाली होती. मेन खाली.

सकाळी फाईलच नव्हती. मेमरीतलं डिस्कवर उतरायच्या आधीच वीज गेली होती. पूर्वी असं होत नसे, कारण पूर्वी माझा प्रोग्राम नव्हता.

ठेकेदाराचा माणूस समोर बसलेला. मजुरांचे पगार दिवाळीनंतर जाणार, हे उघड होतं. आबाजी वनिताकडे वळले.

"काम न करताच पळाली, आन् आता खोटं काहून बोलून राहिली वं?"

"मी भरलं होतं जी. सतीशभाऊ मांगंच उभे होते. विचारा त्याईले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"माझं लक्ष नव्हतं जी," मी म्हणालो.

वनिता माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही... मला प्रश्न नीट ऐकू आला नसावा, असं काहीतरी तिला वाटलं असेल. मग डबा उचलून गेली. पुन्हा आली नाही.

त्याच आठवड्यात मी तो प्रोग्राम काढून टाकला. खरं म्हणजे पुरावा काढला. पण मशीन सुरू व्हायला तितकाच वेळ घ्यायची. काळा पडदा, लाल दिवा. सुरुवातीला चालणाऱ्या फायलींची ओळ न् ओळ तपासली. काही नाही. शेवटी पूर्ण डिस्क फॉरमॅट केली आणि सगळं मूळ फ्लॉप्यांवरून नव्यानं भरलं. पुन्हा तेच. आता मेमरीत काही भरून घेणारा प्रोग्रामच नव्हता, मग ती एवढा वेळ वाचत काय होती?

एका सकाळी मी ऑफिसात एकटाच होतो. खाली दुकानाचं शटर वर जात होतं. लाल दिवा विझला, मी डिस्कवर काय आहे ते पाहिलं. वनिताची फाईल होती. तिनंच दिलेलं नाव. उघडली... सगळ्या हजेऱ्या. शेवटची नोंद तीच, मी पाहिलेली.

जाणकार म्हणतील, फॉरमॅटनंतरही डिस्कवर जुने तुकडे राहतात. राहतात ना. पण जे डिस्कवर कधी उतरलंच नाही, त्याचे तुकडे कुठून आले? कोणी पुन्हा भरलं म्हणावं, तर ठेकेदारानं पगार शेवटी हातानंच काढले होते. ऑफिसची दुसरी किल्ली आबाजींकडे, आणि त्यांना मशीन चालूसुद्धा करता येत नसे.

जिन्यावर आबाजींची पावलं वाजली. मला नुसतं "हे पाहा" म्हणायचं होतं. वनिता परत कामावर आली असती. पण मग ही फाईल गेलीच कशी, असा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मी होतो.

मी फाईल पुसली.

आबाजी आत आले आणि म्हणाले, "उठली का गा म्हातारी?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मशीन झटकन सुरू व्हायला लागली, नवी होती तशी. मी तिथे होतो तोवर पुन्हा कधी अडली नाही. मी काहीही दुरुस्त केलं नव्हतं.

आता पन्नाशी आली. कॉम्प्युटरवरच पोट भरलं, याहून अवघड बिघाड सोडवले. हा सुटला नाही. ती फाईल माझ्या अपराधी मनानंच उभी केली, असंही म्हणून पाहतो. पण मग मशीन का सुधारली?

वनिता उमरेडलाच दिली, असं कानावर आलं होतं. कामचुकार, खोटारडी म्हणून ऑफिसातून काढली, हेही तिच्याआधी गावात पोचलं होतं. एकदा उमरेडच्या एसटीत बसलो, आणि कुही फाट्यावर उतरून परत आलो. ती खरं बोलत होती, मी स्वतः पाहिलं होतं — हे तिच्या दारात उभं राहून, तिच्या घरच्यांसमोर सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.