मधल्या तुकड्याला वाफ

हॉटेलभर बोभाटा झाला होता, की तळघरातली इस्त्रीवाली मामी नवऱ्यावरचा राग पाहुण्यांच्या शर्टांवर काढते. खालून तिचं ओरडणं यायचं, आणि पाठोपाठ इस्त्रीचं फुस्स! लोक मामाला बाजूला घेऊन विचारायचे, "घरी सगळं ठीक ना?"

मामाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. मामी इंग्रजी शब्द फोडत होती.

वर रिसेप्शनवर फोन घेण्याची जागा रिकामी झाली होती. तिथं खिडकी होती! वर्षानुवर्षं वाफेत उकडून निघालेल्या मामीचा जीव त्या खिडकीत अडकला. मॅनेजरची अट एकच, उच्चार चोख हवेत. आणि मामीचं इंग्रजी तर इस्त्री फिरवल्यासारखं सपाट.

म्हणून तिची भाची, शाळेतली अट्टल नकलाकार, शिकवायला बसली.

"मामी, शब्दाचे तुकडे पाड आणि एकाच तुकड्यावर जोर दे. रि-सेप्-शन. मधल्यावर!"

"अगं, जोर काय तोंडात असतो होय? तो हातात असतो," म्हणत मामीनं एक बाही पुढ्यात ओढली. दर तुकड्याला इस्त्रीचा एक हात, जोराच्या तुकड्याला वाफेचं बटण. रि, सेप् फुस्स, शन! हो-टेल फुस्स! झकास.

"इस्त्री काढून घेतली तर बोबडी वळेल तुझी," भाची म्हणाली.

"लाव पैज!"

"लावली. जिंकले तर माझे कपडे वर्षभर तू इस्त्री करायचेस."

"आणि हरलीस तर आठवडाभर कुणाची नक्कल काढायची नाहीस, भवाने."

परीक्षेच्या दिवशी मॅनेजरनं मामीला चाकांच्या खुर्चीत बसवून फोनचा रिसीव्हर हातात दिला. भाची दाराआडून बघत होती. मामीचा अंगठा हवेत बटण शोधू लागला.

"गुड मॉर्निंग, रि..."

गाडं अडलं. भाची मनातल्या मनात कपड्यांचा ढीग रचू लागली. तेवढ्यात मामीनं जमिनीवर पाय दाबला.

"...सेप्!" खुर्ची सुटली. "...शन! रे-झर-वे!" आणखी एक धक्का. "...शन!" वायर ताणली, टेबलावरचा फोन उडाला, तो छातीशी कवटाळून मॅनेजर खुर्चीमागे धावला. पण एक तुकडा इकडचा तिकडे नाही, जोर जिथल्या तिथं! शेवटच्या शब्दाला मामी थेट खिडकीला जाऊन टेकली.

"मामी, जागा तुमची," मॅनेजर धापा टाकत म्हणाला. "पण खुर्ची बिनचाकांची देतो."

"द्या. टेबल मात्र इकडेच आणा."

आता ज्याला त्याला मॅनेजरची ती धाप ऐकायची आहे. आणि ती हुबेहूब काढणारी भाची, म्हणजे हे लिहिणारी, तोंडाला कुलूप लावून बसली आहे. लिहिण्याबद्दल मात्र पैजेत काही ठरलं नव्हतं.