चिकूची बाधा

माणसाची श्रद्धा बनियनसारखी असावी, असं मी आमच्या शाळेत येताजाता ऐकवत असे. अंगात रोज असावी, स्वच्छ असावी, पण शर्टाबाहेर दिसू नये. हे वाक्य माझं मलाच फार आवडायचं. कोणी नवा शिक्षक बदलून आला की पहिल्या आठवड्यातच मी ते त्याच्यावर सोडायचो. कपाळभर गंध लावून येणारे, गाडीच्या नंबरप्लेटवर देवाचं नाव रंगवणारे, रोज सकाळी मोबाइलवर देवाचे फोटो पाठवणारे, या सगळ्यांकडे मी असा बघायचो, जणू त्यांच्या शर्टाची बटणं लावायची राहिली आहेत.

ही २०१७ सालची गोष्ट. मी तलासरी तालुक्यात उधव्याजवळच्या एका पाड्यावर शिकवायचो आणि राहायचो डहाणूत. रोज मोटारसायकलवरून जायचो. मागे एक सहकारी बसायचा, बीडकडून नुकताच बदली होऊन आलेला तरुण शिक्षक. मनाने फार चांगला, पण समुद्र, सुकी मासळी आणि गुजराती या तिन्हींना बिचकून असलेला. डहाणूत राहून या तिन्ही गोष्टी टाळता येत नाहीत. आमची घरमालकीणच गुजराती होती. सत्तरी ओलांडलेली, सगळी गल्ली तिला 'बा' म्हणायची. घोलवडला तिच्या भावाची चिकूची वाडी होती आणि तिथून आठवड्याला टोपली यायची. त्यातला पहिला चिकू माझा, असा आमचा अकरा वर्षांचा रिवाज. पहिला म्हणजे एक नव्हे. बाच्या ओट्यावर उभ्या उभ्या मी सहा खायचो आणि बिया परसात थुंकायचो. मास्तरांच्या नावाने इथे एक दिवस वाडी उगवेल, असं बा म्हणायची.

आमची एकुलती एक लेक नाशिकला दिली आहे. आदल्या वर्षी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. २०१७ मध्ये तिला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा चैत्रातल्या महालक्ष्मीच्या जत्रेत बायकोला नवस बोलायचा होता. तिने तसं सांगितल्याबरोबर मी रस्ताभर बोललो. देवाला जे कळायचं ते रांगेत उभं न राहताही कळतं, चारचौघांत ओटी भरून त्याच्यावर दबाव आणायची गरज नाही, वगैरे. बनियनचं वाक्यही झालं. बायको रांगेपर्यंत गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. मी तोवर भजी खात होतो. नंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, पटलं तिला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. थोडा त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. बायकोने फोन ठेवला, आत गेली आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली. मी बाहेर पडलो. सवयीने बाच्या ओट्यावर गेलो, सवयीने टोपलीतला एक चिकू उचलून सोलला आणि तोंडाजवळ नेला. पण तो खाववेना. मी डोळे मिटले आणि कुठल्या देवाला उद्देशून ते मलाही कळलं नाही, पण मनात म्हणालो, हे सोडलं. लेकीचं सुखरूप होऊ दे, तोवर चिकूला तोंड लावणार नाही. आणि तो सोललेला चिकू मी टोपलीत परत ठेवला.

बा दारात बसून वाती वळत होती. तिने टोपलीतला तो सोललेला चिकू पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"मास्तर, बाधा राखी?"

गुजरातीत बाधा म्हणजे नवसापायी सोडलेली गोष्ट. मनातली इच्छा पुरी होईपर्यंत आवडीचं काहीतरी वर्ज्य करायचं, त्याला बाधा राखणं म्हणतात. मराठीत बाधा कशाची होते हे वेगळं सांगायला नको. मी बाला हात जोडले आणि हे कोणाला कळता कामा नये, माझ्या बायकोला तर नाहीच नाही, असं बजावलं. बाने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

मग माझं चोरटं आयुष्य सुरू झालं. चिकू सोडणं एकवेळ जमतं, पण डहाणूत चिकू नाकारणं म्हणजे नोकरीच आहे. ज्याच्या घरी जावं तो चिकू पुढे करतो. कुठे पोट बिघडलंय म्हणालो, कुठे दाढ दुखतेय म्हणालो. एका ठिकाणी साखर वाढलीय म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून कारल्याच्या रसाची बाटली आली. ती बायकोने मला समोर बसवून पाजली. चिकू सोडूनही धास्ती जाईना, तेव्हा लहानपणी पाठ केलेलं एक स्तोत्र मी पुन्हा सुरू केलं. घरी म्हणायची सोय नव्हती, शाळेत तर प्रश्नच नव्हता. एकच जागा उरली होती, ती म्हणजे हेल्मेट. काच खाली केली की आत मी आणि देव, दोघांपुरती जागा. डहाणू ते उधवा माझी पाच आवर्तनं व्हायची. मागे बसलेल्याला काही ऐकू जात नाही, अशी माझी समजूत होती.

जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी बीडचा सहकारी माझ्याकडे जरा लवकर आला. मी आत शर्टाला इस्त्री करत होतो. बाने त्याला ओट्यावर बसवलं आणि चार चिकू दिले. त्यातला एक त्याने माझ्यासाठी बाजूला ठेवला. बा घाईघाईने म्हणाली, "मास्तरने नको आपता. एमने बाधा छे." म्हणजे मास्तरांना देऊ नका, त्यांना बाधा आहे. शपथ मोडली असं तिला बिलकुल वाटलं नाही. कशासाठी बाधा, हे तिने कुठे सांगितलं होतं?

त्या दिवशी गाडीवर बसताना सहकाऱ्याने दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट धरली. एरवी तो माझा खांदा धरायचा. वाटेत त्याने विचारलं, सर, संध्याकाळी कधी पिंपळाखालून गेला होतात का. मी म्हणालो, रोजच जातो, का रे? त्याने पावसाचा विषय काढला. ज्याला लागलंय त्याला विचारायचं नसतं, असं त्यांच्याकडे मानतात, हे मला नंतर कळलं.

आठवडाभर जग माझ्याशी फार मायेने वागत होतं. वर्गात पोरं गप्प बसायला लागली. माझ्या शिकवण्याला उशिरा का होईना यश आलं, असा मी अर्थ काढला. गाडीच्या हँडलला कोणीतरी लिंबूमिरची बांधली. मी ती सोडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. शिक्षकांचा मोबाइलवरचा ग्रुप एकदम थंड पडला. मला वगळून दुसरा ग्रुप निघाला होता आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ माझ्यासाठी हात जोडले जात होते. आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्या स्टाफचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी निघायला म्हणून व्हरांड्यात आलो, तर तिथे पंधरा-वीस पालक ओळीने बसलेले. पुढे पाड्यावरचा भगत. त्याची नात माझ्या चौथीच्या वर्गात, त्यामुळे ओळख होती. पालकसभेला तो नेमाने यायचा आणि नेमाने झोपायचा. आज मात्र पूर्ण जागा होता. समोर सूप, सुपात तांदूळ. वर पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येऊ नये.

"बस मास्तर," तो म्हणाला. "भ्यायचं नाय. कधीपासून हाय?"

काय कधीपासून, असं मी विचारतोय तोच फाटकाशी रिक्षा थांबली आणि माझी बायको भिजत भिजत उतरली. सहकाऱ्याने तिला फोन करून बोलावलं होतं. घाबरू नका वहिनी, सरांना बाधा झालीय, भगत आणलाय, तुम्ही फक्त या. आता घाबरू नका म्हणून सांगितलं असताना ती घाबरणार नाही तर काय करणार. मग त्यानेच मला सगळा हिशोब ऐकवला. बांनी स्वतः सांगितलं की बाधा आहे, सर चिकूला हात लावत नाहीत, हेल्मेटमध्ये रोज कोणाशी तरी बोलतात.

मग माझ्या मनात जो विचार आला तो सांगायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, गप्प बसावं. दहा मिनिटं डोक्यावरून तांदूळ ओवाळून घ्यावेत, जरा डोळे फिरवावेत, भूत उतरलं म्हणावं आणि घरी जावं. नवस केला हे कबूल करण्यापेक्षा मला भूत परवडत होतं.

मी खाली बसलोसुद्धा. पण बायको भगताच्या शेजारी येऊन टेकली आणि त्याला विचारू लागली, बरे होतील ना हे? लेकीला पाचवा महिना लागलाय, मला तिच्याकडे जायला हवं, यांना अशा अवस्थेत कसं सोडून जाऊ? तिच्या पदरातून पाणी गळत होतं आणि चेहरा अगदी फोन आला त्या दिवशीसारखा झाला होता. माझं गुपित जपण्यापायी मी या बाईला लेकीपासून अडवून ठेवणार होतो. माझी मलाच शिसारी आली.

"मला बाधा नाही," मी म्हणालो. "म्हणजे आहे, पण ती नाही."

पावसात कोणालाच ऐकू गेलं नाही. मी आवाज चढवून सांगितलं की ही गुजराती बाधा आहे. त्यावर पालकांत कुजबूज झाली आणि भगताने गंभीरपणे सुपातले तांदूळ गोळा करायला घेतले. गुजरातेतून आलेलं असेल तर त्याच्याने होणार नाही, म्हणाला. तिकडच्यांसाठी सीमेपलीकडचाच भगत लागतो.

शेवटी मी उभा राहिलो आणि कवायतीच्या आवाजात ओरडलो की मी नवस केलाय, लेकीसाठी केलाय, तिचं सुखरूप होईपर्यंत चिकू सोडलाय. मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्याला नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा सहकाऱ्यासाठी, कारण त्याला अजून खात्री वाटत नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर बनियन झाकायला सांगितली, तो भर व्हरांड्यात, वीस माणसांसमोर, पत्र्यावरच्या पावसाला पुरून उरेल अशा आवाजात आपला नवस ओरडत होता.

भगताने सूप बाजूला ठेवलं. "कोणापुढे बोललेलास?"

"कोणापुढे नाही. मनात."

"मनात कसा? नवस बोलायचा असतो, मास्तर. मनात ठेवतात तो घोर."

मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवत होतो. 'नवस बोलणे' हा वाक्प्रचार फळ्यावर लिहून वाक्यात उपयोग करायला सांगत होतो. त्यातल्या बोलण्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. भगताने मला हात जोडून पुन्हा बोलायला लावलं, लेकीचं नाव घेऊन, रीतसर. एकेक पालक मान हलवत होता, साक्षीला असल्यासारखा. मी श्रद्धेचं प्रदर्शन म्हणून ज्याला नाक मुरडत आलो ते हेच होतं, आणि मला त्यात एकदम फार हलकं वाटलं. एक जण म्हणाला, माझ्या बहिणीचं पण असंच झालेलं, आता तिला दोन पोरी हायत. बायको ते ऐकताना रडत होती.

मला वाटलं, आता ती जत्रेतल्या रांगेची आठवण काढणार. भज्यांचीही. ती सगळं बोलायचा तिला हक्क होता. ती एवढंच म्हणाली, "मला वाटत होतं, घरात मी एकटीच घाबरलेय."



नोव्हेंबरात नात झाली, सुखरूप झाली, हे सांगून टाकायला हवं. बातमी कळल्यावर बाने ओट्यावर पहिला चिकू स्वतः सोलून मला भरवला. गुपित माहीत असलेला अर्धा तालुका त्यानंतर चिकू घेऊन येत राहिला, आणि मला पुढे पंधरा दिवस खरोखरच पोट बिघडल्याचं सांगावं लागलं. कोणाचाही विश्वास बसेना. मी नवा नवस केलाय, असंच सगळ्यांना वाटलं.

पण मला जास्त आठवतो तो त्या शनिवारचा परतीचा रस्ता, जेव्हा पुढचं काहीच माहीत नव्हतं. सहकारी रिक्षाने गेला आणि बायको माझ्या मागे गाडीवर बसली. पाऊस उतरला होता. तलासरी मागे पडली तसं माझं सवयीने सुरू झालं, काच खाली, आवाज घशात. दोन ओळी झाल्या असतील, तोच मागून हेल्मेटवर टकटक झाली. मी गाडी बाजूला घेतली आणि काच वर केली.

"मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली. "मलाही म्हणायचंय."