उलामिलाचे शिंपले आणि मुनसामी माष्टरांचा तास

उलामिला वर्गात बोलायला उभी राहिली की तिला माइक लागत नसे. नाउसोरी या बेटावरच्या गावातल्या त्या छोट्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राला बाकं पुरायची नाहीत. उशिरा आलेली मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसून ऐकायची. बेडकाचं हृदय असो नाहीतर कसाव्याचं पान, ती शेजारणीची गोष्ट सांगावी तसं सांगायची. बाजारात, बसमध्ये, चर्चच्या दारात कुणी ना कुणी तिला "मॅडम, मी तुमच्या वर्गात होते" म्हणून थांबवायचंच. हे तिला आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायचीही नाही.

तिचं दुसरं प्रेम रेवा नदीच्या तळात होतं. तिथल्या चिखलात काई नावाचे काळपट शिंपले मिळतात. तिची आई आयुष्यभर कमरेएवढ्या पाण्यात बुड्या मारून ते काढत आली आणि बाजारात ढीग लावून विकत आली. त्या ढिगांवर उलामिला शिकली. आता तिला पीएच.डी.साठी एवढंच शोधायचं होतं की आपल्या नदीत या शिंपल्यांत अंडी भरतात कधी आणि रिकामी होतात कधी. आई म्हणायची, "तुला खायला शिकवलं, तर तू उघडून बघत बसलीस."

काम अवघड नव्हतं, चिकाटीचं होतं. दर उधाणाच्या ओहोटीला ठरलेल्या जागांवरून शिंपले काढायचे आणि प्रयोगशाळेत उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. असं अख्खं वर्ष, खंड न पाडता. पण तिकडे उधाणाची ओहोटी येते भर दुपारी, आणि भर दुपारी उलामिला वर्गात असायची. कधी प्रात्यक्षिक, कधी चाचणी, कधी तपासायच्या पेपरांचा ढिगारा. एक ओहोटी चुकली, मग दुसरी. वर्ष सरल्यावर ब्रिस्बेनच्या मार्गदर्शक बाईंनी फोनवर हळुवारपणे, पण स्पष्ट सांगितलं, "नेमक्या ज्या महिन्यांत काहीतरी घडतंय, तेच महिने तुझ्याकडे नाहीत. हे वर्ष सोडून द्यावं लागेल."

उलामिला रडली नाही. शनिवारी सकाळी ती प्रयोगशाळेत गेली आणि फ्रीजर रिकामा करायला लागली.

तिथे मुनसामी माष्टर चहाचा कप घेऊन आले. रसायनशास्त्र शिकवायचे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. सगळं कॉलेज त्यांना माष्टरच म्हणायचं, प्राचार्यसुद्धा.

"काय गं, घर बदलतेस का?"

"तुमच्या बाटल्यांना जागा करतेय. पुरे झालं माझं."

"आणि या पिशव्या?"

"आईला देते. नारळाच्या दुधात शिजवेल."

"वर्षभर गोठलेले शिंपले? आईला कशाला, सासूला दे."

उलामिलाला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. माष्टरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. स्टूल ओढून बसले आणि सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे दुपारचे तास कुणीतरी घेतले की झालं. मी घेतो."

"तुम्ही? माष्टर, बेडूक कापताना तुम्ही दाराबाहेर जाऊन उभे राहता."

"मी बाहेर जातो, बेडूक तर जात नाही ना? तो असतो आत. मुलं शिकतील."

"नको. माझा वर्ग मी कुणाला देत नाही."

बोलून गेली आणि तिलाच ते कानाला खटकलं. माष्टर स्टूलावरून उठले. चहाचा कप विसळून निघून गेले.

पण त्यांनी विषय सोडला नव्हता. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे स्टाफरूममध्ये चटई टाकली गेली, मधे कावाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या तिकडच्या पेयाचं, लाकडी भांडं आलं. फेसाइतू करवंटी भरून देत होता. हा रोटुमा बेटाचा, संख्याशास्त्र शिकवायचा आणि दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा. उलामिलाने रीतीप्रमाणे टाळी वाजवून करवंटी घेतली, रिकामी केली, तेव्हा तो म्हणाला, "ओहोट्यांचा वार हळूहळू सरकतो. पुढची सत्राची सुट्टी धरली तर तुझे तास फार बुडत नाहीत. निम्मे माष्टर घेतील. थोडे मी. बाकीचे तास सकाळी हलवता येतील."

"तू जीवशास्त्र शिकवणार?"

"उंदरांची संख्या कशी वाढते, ते. आकडेच असतात ना."

विभागप्रमुख लोसालिनी कोपऱ्यात बसून केळ्याचे काप खात होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, दोन वर्षांनी तुझ्या कायमच्या नेमणुकीचा कागद माझ्यासमोर येणार. पीएच.डी. नसली तर मला तोंड उघडता येणार नाही. तेव्हा मुकाट्याने हो म्हण. आणि एक दिवस जरी वर्ग रिकामा दिसला ना, तिघांनाही बोलावून घेईन."

उलामिला हो म्हणाली. मनातून नाही, पण म्हणाली.

पहिले काही आठवडे तिने सगळ्यांचा जीव खाल्ला. नदीत होडी उभी करून ती माष्टरांना फोन करायची. "पेशींचं चित्र काढलंत का? फळ्यावर डाव्या बाजूला काढा, मुलांना सवय आहे." एकदा माष्टर म्हणाले, "तू शिंपल्यांना असंच विचारत बसतेस का गं, म्हणून तोंड मिटून बसतात ते." त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला.

मग एके दिवशी ती ओल्या कपड्यांनिशी बादली घेऊन व्हरांड्यातून चालली होती, तेव्हा प्रियाशनी नावाची मुलगी धावत आली. ही मुलगी वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारी.

"मॅडम, काल माष्टरांनी मिठाच्या पाण्यात वांग्याच्या फोडी टाकून दाखवल्या. पाणी पेशीतून बाहेर कसं येतं ते मला पहिल्यांदा कळलं! तुमच्या तासाला ऐकायला खूप छान वाटायचं, पण कळायचं नाही."

"अरे वा," उलामिला म्हणाली आणि प्रयोगशाळेत जाऊन बादली जरा जोरातच ठेवली. त्या दिवशी घरी तिने स्वयंपाक केला नाही. नवऱ्याने बाहेरून रोटी-भाजी आणली, तीही तिने नीट खाल्ली नाही. इतकी वर्षं ज्याची वाहवा झाली, त्यातलं काही पोरांना कळतच नव्हतं, हे गिळायला तिला बरेच दिवस लागले. माष्टरांशी ती कामापुरतं बोलू लागली.

जानेवारीत, तिकडच्या ऐन पावसाळ्यात, वादळ आलं आणि नदीला पूर आला. पाणी तपकिरी, वरून झाडं वाहत येत होती. ओहोटीचा दिवस जवळ आला तसा उलामिलाने होडीवाल्याला गाठायचा हट्ट धरला. फेसाइतू तिच्यासोबत काठापर्यंत गेला, पाण्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "नाही."

"एक ओहोटी चुकली तर मागच्यासारखंच होईल."

"मागच्या वर्षी चार लागोपाठ चुकल्या. एक चुकली तर मी सांभाळून घेतो. तू वाहून गेलीस तर मला ते गणित येत नाही."

त्याच्या मानाने हे भाषणच होतं. दोघं परत आले. कॉलेजच्या कँटीनमध्ये माष्टर एकटेच चहा पीत बसले होते. पावसाने बस बंद होत्या. उलामिला समोर बसली. तिने विचारलं, "माष्टर, तुम्ही हे का करताय? तुम्हाला बेडकाची किळस येते, पोरं तुमच्या उच्चारांना हसतात, वरून मी तोंड फिरवून बसलेय."

"दिसलं मला ते," माष्टर म्हणाले. "वांग्यामुळे ना?"

ती लाजली.

"मी तरुण होतो तेव्हा मळीवर काम करत होतो. आमच्या बाजूला उसाच्या गिरण्या, त्यातून निघणारी मळी. तिच्यापासून काहीतरी करता येईल असं वाटत होतं, थोडंफार जमतही होतं. मग लष्कराने सत्ता घेतली, देशात गडबड झाली आणि निम्मे प्राध्यापक ऑकलंड, सिडनीला निघून गेले. त्यांचे वर्ग कुणी घ्यायचे? मी घेतले. एका वर्षासाठी म्हणून घेतले." त्यांनी चहा संपवला. "कुणी जबरदस्ती नाही केली. पण कुणी असंही नाही म्हणालं, की मुनसामी, मंगळवार मी घेतो, तू जा. एवढंच."

दुसऱ्या दिवशी, पाऊस ओसरल्यावर, उलामिला माष्टरांच्या तासाला जाऊन मागच्या बाकावर बसली. तासभर ऐकलं. उच्चार वाईटच होते. पण दर दहा मिनिटांनी ते थांबायचे आणि एका मुलाला उठवून म्हणायचे, "मी आत्ता काय बोललो ते तुझ्या शब्दांत सांग. चुकलास तर माझी चूक." तिने हे कधीच केलं नव्हतं. तिच्या तासात तिला मधे थांबायला आवडायचं नाही.

वर्ष पूर्ण झालं. फेसाइतूने पुरामुळे नोंदींत पडलेला तो एक खंड कसा हाताळायचा ते तिला समजावलं आणि प्रबंधात एक परिच्छेद त्यावर लिहायला लावला. परीक्षकांनी नेमकं त्याच परिच्छेदाबद्दल दोन पानं प्रश्न पाठवले. उलामिलाने दुरुस्त्या करून पाठवल्या आणि पदवी मिळाली. आईला तिने निकाल सांगितला: अमुक महिन्यांत शिंपले भरलेले असतात, तेव्हा काढू नयेत. आई म्हणाली, "मग त्या महिन्यांत आम्ही काय खायचं, तुझं पुस्तक?" पण त्या वर्षी गावातल्या बायकांनी त्या महिन्यांत नदीचं एक वळण मोकळं सोडलं.

परतफेड म्हणून उलामिलाने पुढच्या वर्षी माष्टरांचे दोन दुपारचे वर्ग घेतले. "आता मळीचं लिहा," तिने बजावलं. महिन्याभराने ती त्यांच्या खोलीत डोकावली तर माष्टर खुर्चीत मान टाकून घोरत होते.

"माष्टर! मी तिकडे तुमची आम्लं-अल्कली करत घसा फोडतेय!"

"लिहितोय की," ते डोळे न उघडता म्हणाले. "आधी चाळीस वर्षांची झोप पुरी करतो."

ती चिडली, दार आपटून गेली. नंतर मात्र जुन्या नोंदींपैकी जे उरलं होतं त्यावरून माष्टरांनी एक लहानसा लेख लिहिला, फेसाइतूने आकडे तपासले, आणि तो निवृत्तीच्या आधी छापून आला. फार कुणी वाचला नसावा. माष्टरांनी त्याची एक प्रत स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटवली आणि त्यावरच्या त्यांच्या फोटोला कुणीतरी पेन्सिलीने मिशी काढली.

माष्टर आता लाबासाला मुलीकडे असतात. विभागाचं वेळापत्रक उलामिला बनवते. दर वर्षी कुणातरी एकाच्या दुपारी मोकळ्या ठेवायच्या आणि त्याचे तास बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, असं ठरलेलं आहे. नवीन आलेली माणसं कुरकुरतात, की दुसऱ्याचा विषय आम्ही कसा शिकवायचा. उलामिला त्यांना वांगी आणायला सांगते.

यंदा पाळी फेसाइतूची आहे. तो काय संशोधन करतोय ते अजून त्याने कुणाला सांगितलेलं नाही.