ढगांतले चौकोन

चूक माझी होती. ती दुसऱ्याच्या नावावर गेली आणि मी गप्प बसलो.

नव्वदच्या दशकात केडगावच्या एका व्हिडिओ स्टुडिओत आम्ही दोघं लग्नाच्या कॅसेटची टायटलं कॉम्प्युटरवर बनवायचो. माझा जोडीदार राजूरचा. नवरा-नवरीच्या नावांमागचे ढग त्याने प्रोग्रॅम लिहून उभे केले होते. पडद्यावर न दिसणारे चौकोन आखायचे, प्रत्येक कोपऱ्याला फिक्या-गडद छटेचा कुठलाही आकडा द्यायचा आणि मधल्या जागेत त्या छटा हळुवार वळणाने मिसळायच्या, म्हणजे चौकोनांच्या कडा दिसत नाहीत. ढग सुरेख यायचे, पण चित्र उमटायला फार वेळ लागायचा. मला धीर नव्हता. पाय हलवत बसायचो, उठायचो, चहा सांगून यायचो. चित्र अर्धंच.

"लेका, दम धर," तो म्हणायचा. "वळनाचे आकडे आधीच मोजून तक्त्यात ठिवतो. मग दर वेळी हिशेब नको. वेग बी यील अन् ढग बी साफ राहतील."

तो गावी गेला असताना मी प्रोग्रॅममधली वळणाची ओळच काढून टाकली. छटा सरळ रेषेत मिसळल्या. काम झटक्यात झालं. आमच्या छोट्या मॉनिटरवर काही फरक दिसला नाही. गिऱ्हाइकाच्या मोठ्या टीव्हीवर मात्र ढगांत चौकोन उमटले.

"हे आभाळ हाय का फरशी?" नवरीचे वडील दुकानात येऊन ओरडले. मालक नुकत्याच परतलेल्या जोडीदाराकडे वळले. "प्रोग्रॅम तुझाच ना?"

"व्हय," तो म्हणाला. मी कॅसेटी लावत राहिलो.

संध्याकाळी ती ओळ गुपचूप परत घातली. वाटलं, मिटलं. खरं तर तिथेच बिघडलं. सकाळी त्याने प्रोग्रॅम चालवला, तर ढग स्वच्छ.

"काल चौकोन हुते, आज न्हाईत. असं कसं?"

तो एकेक ओळ तपासत राहिला. नसलेली चूक सापडणार कशी? शेजारी मला बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. शेवटी "आता माझाच माझ्यावर भरोसा न्हाई" म्हणत त्याने काम सोडलं.

पुढे त्याचा अर्धा राहिलेला वळणाच्या आकड्यांचा तक्ता मी पुरा केला. ढग भराभर आले, आणि साफ. मला ते बघवेनात. एसटीने राजूर गाठलं. बाजारपेठेत त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं.

"आरं, ये की! बस, चहा सांगतो."

मी बसलो नाही. "ती ओळ मी काढली होती. परत घातली तीही मीच. तुझा प्रोग्रॅम पहिल्यापासून बरोबर होता. माझं चुकलं रे, मला माफ कर."