कूलरच्या सुरात

माझा सूर पक्का होता, आणि त्याचा मला माज होता. अकोल्याच्या उन्हाळ्यात आमच्या घरचा कूलर बरोबर काळी चारमध्ये घुमायचा; हार्मोनियमवरची माझी पट्टीही तीच. त्यामुळे घरी रियाजाला मी तानपुऱ्याचं ॲप कधी लावलंच नाही. कूलरसमोर बसायचं, गार हवा खायची आणि गायचं.

गाण्याच्या मॅडम मात्र वैतागायच्या. रुसलेल्या नायिकेची बंदिश होती. "सूर बरोबर हाय पोरी, पण तू रुसून राहिली का रेशनच्या लायनीत उभी हाय?" मला कळायचंच नाही. चूक नाही, तर तक्रार कशाची?

त्या मे महिन्यात अमरावतीला गायन शिबिरासाठी निवड चाचणी होती. जागा एकच उरलेली, आणि मला ती हवीच होती. खोलीत तीन परीक्षक, टेबलावर मोबाइलमधला तानपुरा आणि माझ्या बाजूलाच भला मोठा कूलर. तो मेला काळी चारच्या जरा खाली घुमत होता. सवयीने मीही तानपुरा सोडून त्याच्यामागे खाली उतरले.

मधल्या परीक्षकांनी हात वर केला. "पोरी, कोणाच्या सुरात गाऊन राहिली?"

मी खरं ते सांगितलं. "कूलरच्या."

तिघंही इतके हसले की एकाला ठसका लागला. पक्क्या सुराची म्हणून मिरवणारी मी, आणि माझी ही शोभा! मस्तकात तिडीक गेली. "मंग बंद करा ना सर त्याले!"

त्यांनी खरंच बंद केला. त्या उकाड्यात मी तीच रुसव्याची बंदिश पुन्हा घेतली आणि तिघांवर मनसोक्त रुसले. पाठ केलेल्या दोन ताना विसरले, एकदा समेवर उशिरा पोचले. मार्कांच्या कागदाने वारा घेणारे परीक्षक वारा घ्यायचे थांबले. गाणं संपलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

"सम चुकली," मधले म्हणाले, "पण रुसली मात्र खरी. घ्या हिले. अन् आधी तो कूलर लावा!"

बसस्टँडवरून मॅडमना फोन केला. "नंबर लागला. पण मी चुकले मॅडम, समेवर."

तीन वर्षांत माझं एकदाही कौतुक न केलेल्या मॅडम म्हणाल्या, "चुकली? मंग गायली असशील."